पौषात पळून जाऊन केलेलं लग्न

"वयनी, ह्या वयात असली थेरं देवीला नाय चालायची," असं माझ्या चुलत दिरांनी मला देवळाच्या पायरीवर, चार माणसांदेखत सांगितलं. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून मी गावदेवीच्या देवळात मंगळवारच्या भजनाला बसते. नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. लोकांचे ब्लाउज शिवून त्याला वाढवला, त्याचा संसार उभा केला. आणि पन्नाशी उलटल्यावर, भजनात पखवाज वाजवणाऱ्या वसंतरावांशी माझं मन जुळलं. ते भातसानगरला धरणावर नोकरीला होते, आता निवृत्त. त्यांची बायको कधीच वारलेली. आमच्या गावात त्यांची बहीण दिलेली आहे, तिच्याकडे येत-जात असत. लपवाछपवी दोघांनाही नको होती. देवीसमोर एकमेकांना माळा घालायच्या, एवढंच ठरवलं होतं. देवळाचा कारभार दिरांकडे, म्हणून मी त्यांना विचारायला गेले होते.

"देवीनं येऊन सांगितलं का तुमाला, भाऊजी?" मी विचारलं.

"तोंड वर करून बोलू नका. आन यापुढं गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाय."

पायरीवरचे भजनातले बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्याबरोबर मी अर्धं आयुष्य टाळ वाजवला होता! घरी आले तर मुलगा म्हणाला, "आई, मला गावात राहायचंय. काय कमी केलं गो मी तुला?" जसं काही मी जेवायला मागत होते. त्या संध्याकाळी मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि देवीला सरळ विचारलं, खरंच चालत नाही का तुला? माझं कपाळ मोकळं झालं तेव्हा तू काही बोलली नाहीस, आता यांच्या तोंडून बोलतेस? उत्तर आलं नाही. मी दिवा लावणं सोडून दिलं. राग माणसांवर होता की देवीवर, ते तेव्हा मला वेगळं करता येत नव्हतं.

वसंतरावांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "मग पळून जाऊ या."

"ह्या वयात? आन पौष लागलाय."

"पळून जाणाऱ्याला कसला पौष!"

कुठे जायचं तेही त्यांच्या मनात तयार होतं. धरणावर असताना त्यांना पक्षी बघायचा नाद लागला होता. जैसलमेरच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात माळढोक नावाचा मोठा पक्षी आहे, आता फार थोडे उरलेत, तो एकदा डोळ्यांनी बघायचा ही त्यांची जुनी इच्छा. आमचं पळून जाणंही मोठं रीतसर झालं. त्यांनी गाडीची तिकिटं काढली, उद्यानाच्या परवान्याची चौकशी केली, राहायला गोल झोपड्या ठरवल्या. मी स्वेटर शोधले आणि चिवडा केला. वाळूच्या टेकडीवर उगवत्या सूर्यासमोर माळा घालायच्या, असं ठरलं. देवाचं नाव कुणीच काढलं नाही. मी तर मुद्दामच.

तिथं पोचल्यावर काहीच मनासारखं होईना. कल्याणहून नेलेले हार प्रवासात काळे पडले. धुकं इतकं, की सूर्य उगवला कधी तेच कळलं नाही. मग माळढोक तरी बघू म्हणून जीपने निघालो, तर एका उतारावर चाकं वाळूत रुतली. ड्रायव्हर मदत आणायला चालत गेला. चारी बाजूंना खुरटी झुडपं आणि वारा, दुसरं काही नाही. माझा बांध तिथं फुटला. मी मोठ्यानं देवीलाच बोलले, "घरात नाय चालत, दारात नाय चालत, आता रानातपन नाय चालत का तुला?" वसंतराव माझा हात धरून उभे राहिले. समजूत घालत बसले नाहीत, त्याचं मला आजही बरं वाटतं.

तेवढ्यात झुडपांआडून शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारी. दंडापर्यंत पांढरी कांकणं, उन्हानं रापलेला चेहरा. आमचं बोलणं तिला कळेना, तिचं आम्हाला. माझे डोळे तिनं पाहिले, मनगट धरलं आणि चालायला लागली. जवळच तिची वस्ती होती. तिनं बाजरीची भाकरी आणि ताक दिलं. आमचा माग काढत ड्रायव्हरही तिथं आला. आम्ही त्याला सांगितलेली सगळी हकिगत तिनं त्याच्या तोंडून ऐकून घेतली. मग उठली आणि घरामागच्या खेजडीच्या, म्हणजे आपल्याकडच्या शमीच्या, झाडाखाली आम्हाला घेऊन गेली. तिथं ओट्यावर शेंदूर फासलेला एक दगड होता. ड्रायव्हर म्हणाला, "ये इनकी माताजी हैं."

म्हातारीनं त्या शेंदरात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं. मी दचकून मागे सरले. इतका राग राग करणारी मी, पण अंगात मुरलेली भीती अशी जात नाही. ड्रायव्हरला म्हटलं, त्यांना नीट सांगा, मी विधवा आहे, त्यांच्या देवीला चालणार नाही. त्यानं सांगितलं.

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तो कांई?"

म्हणजे, मग काय झालं! दुसरं काहीच नाही. तिनं माझ्या कपाळावर बोट टेकवलं. शेळीच्या गळ्यातली लोकरीची रंगीत दोरी सोडून दोन तुकडे केले, एक माझ्या हातात दिला, एक यांच्या. आम्ही ते एकमेकांच्या गळ्यात घातले. मी त्या दगडापुढे डोकं ठेवलं आणि किती वेळ रडले कोण जाणे. त्यात राग होताच, पण माझी आई मला परत मिळाली होती.

माळढोक काही दिसला नाही. त्याची हळहळ यांना अजून आहे.

ती म्हातारी कोण, नेमकी तेव्हाच तिथं कशी आली, हे मला कुणी विचारू नये. शेळ्या चारायला आली असेल. मला एवढंच कळलं की शरण जाणं म्हणजे काय, ते मी चुकीचं शिकले होते. देवळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांपुढे मान खाली घालणं म्हणजे शरण जाणं, असंच मला वाटत आलं होतं. त्यांचा शब्द हाच देवीचा शब्द, असं धरून मी तिच्यावर रुसले. ती बिचारी एका शब्दानंही मला कधी नाही म्हणाली नव्हती.

गावी परतल्यावर पहिल्याच मंगळवारी आम्ही दोघं देवळात गेलो. भाऊजी दारातच उभे होते. माझ्या कपाळावरचं कुंकू बघून त्यांचा चेहरा आक्रसला. माफी त्यांनी मागितली नाही, आजवर नाही. मुलगाही अजून नीट बोलत नाही; सून मात्र येऊन भेटून जाते.

"जरा सरका, भाऊजी," मी म्हटलं. "आईला भेटायचंय."

ते सरकले. मी आत गेले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि या खेपेला काहीही विचारलं नाही.