शेवटचं बटण

विशेष मुलांच्या शिक्षिका घडवणाऱ्या त्या संस्थेत मोठ्या बाईंचा दरारा असा, की त्या जिन्यात दिसल्या की शिकाऊ मुली गप्पा गिळून टाकत. अशा बाईंच्या पोटात दुखू लागलं ते एका शिकाऊ मुलीमुळेच. चणीनं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

ठकी ही संस्थेच्या शाळेतली बाईंची लाडकी विद्यार्थिनी, न बोलणारी. तिला बटण लावायला शिकवण्यात बाईंनी तीन वर्षं घातली होती. रीत ठरलेली : सगळी बटणं आपण लावायची, शेवटचं काजातून अर्धं काढून ठेवायचं आणि ओढायचं तेवढं मुलावर सोडायचं. ठकीनं कधी ढुंकून पाहिलं नाही. चिमणी आली आणि पंधरवड्यात ठकीनं बटण ओढलं. वर चिमणीकडे बघून खुदकन हसली.

"आयत्या बिळावर नागोबा," बाई घरी फणकारल्या.

"नागोबा की चिमणी, एक काय ते ठरव," नवरा म्हणाला.

त्यानंतर चिमणीचं काही म्हणजे काही बाईंना पटेना. तक्ता वाकडा, आवाज मिळमिळीत, मुलांना फार लाडावून ठेवते.

एका दुपारी खेळण्यांच्या खोलीत चटयांच्या गुंडाळीवर चिमणी रडताना सापडली. झोप उडाली होती, फाटकापाशी येताच छाती धडधडायची. सकाळी एक मूल चावलं तेव्हा तिचा हात उगारला गेला होता. मारलं नाही, पण स्वतःचीच भीती बसली.

"सोडून देऊ का, बाई?"

'दे' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. चिमणी उठून ॲप्रन सावरू लागली. बटण काही लागेना. बाईंचे हात सवयीनं पुढे झाले. खालपासून एकेक लावत त्या वर आल्या आणि शेवटचं अर्धं काढून थांबल्या. चिमणीनं ते ओढलं.

"सोडू नकोस," बाई जरा रागानंच म्हणाल्या. "आठवडाभर रजा घे. डॉक्टरांना दाखव. मीही याच खोलीत रडायचे. कुणी विचारलं नाही."

आठवडाभर ठकी आपलीच, या विचारानं त्या रात्री बाई सुखानं जेवल्या. पण सकाळी ठकीनं बटणाला बोट लावलं नाही. डोळे दाराकडे. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी बाईंनी फोन केला. डॉक्टर काय म्हणाले, झोप लागते का, सगळं विचारून झालं.

"पूर्ण बरी होऊनच ये, घाई नाही," त्या म्हणाल्या. मग घसा खाकरला. "ही बया मात्र दाराकडे बघत बसते. माझी कधी बघितली नाही मेलीनं अशी वाट."