म्हातारीच्या पदराचं ठिगळ

अंध मुलांच्या शाळेसाठी मी धडे वाचून रेकॉर्ड करते. माझे उच्चार स्वच्छ आहेत, हे मलाही ठाऊक आहे. काल शाळेत गेले, तर पाचवीतली रेवा इअरफोन लावून हसत बसली होती. ऐकत होती सुमनताईंना. त्याही धडे वाचतात, पण मध्येच खोकतात. मला झोंबलं.

“माझं वाचन नाही आवडत का गं?” मी विचारलंच.

“आवडतं की. पण सुमनताई चित्रातलंपण सांगतात. म्हातारीच्या पदराला ठिगळ आहे, निळं.”

घरी येऊन पुस्तक उघडलं. ठिगळ होतं, निळंच. हा धडा मी चारदा वाचला होता, चित्राकडे न बघता.

हेवा अजून गेलेला नाही. फक्त सुमनताईंवरून तो रेवाकडे सरकलाय. ते ठिगळ तिनं माझ्याआधी पाहिलं.