सदाफुलीच्या पानातली हिरवी बुरशी

प्रयोगशाळेत तिला पाठीमागे सगळे फौजदारबाई म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. औषधी झाडांच्या आत गुपचूप राहणारी बुरशी ओळखायची, हे तिचं काम. त्यात पहिला प्रश्न एकच: ही बुरशी खरंच पानाच्या आतली, की बाहेरून येऊन बसलेली? म्हणून पान स्पिरिटनं धुवायचं, ब्लीचनं धुवायचं, मग त्याचे तुकडे बुरशी वाढवायच्या प्लेटवर ठेवायचे आणि एक ठसा वेगळ्या प्लेटवर उठवायचा. ठशावर काही उगवलं की समजावं, धुणं कच्चं राहिलं, सगळं फेकून द्या. जन्मभर हेच केल्यावर बाईचा माणसांवर तरी विश्वास कसा बसावा? दूधवाल्यापासून धाकट्या दिरापर्यंत प्रत्येकाचा ठसा ती मनातल्या मनात उठवून बघायची.

त्यात सख्ख्या बहिणीची मुलगी तिच्याच हाताखाली संशोधनाला आली. झालं! लोक वशिल्याची म्हणतील या धास्तीनं मावशीनं तिला सळो की पळो करून सोडलं.

भाचीला सदाफुलीच्या पानात एक हिरवी बुरशी सापडली. पुन्हा पुन्हा तीच. तिची पदवी आता याच बुरशीवर अवलंबून होती, आणि बुरशी मावशीच्या सहीवर.

"हिरवी? अगं, ती तर ओल्या भिंतीवरपण असते," मावशी म्हणाली. "शिंकलीस का प्लेटवर?"

"मावशी, ठसा बघ ना. एकदम कोरा आहे."

"कोरा आहे, की कोरा आणून ठेवलायस?"

पोरीचा चेहरा उतरला. ती गप्प बसली, आणि गप्प बसणाऱ्याचा तर मावशीला दुप्पट संशय. हिनं ठशाची प्लेटच बदलली असेल तर? चारचौघांत आपलंच नाक कापलं जायचं. कुणाला पत्ता लागू न देता स्वतः करून बघायचं, असं तिनं ठरवलं. भाची जेवायला गेली की ही त्याच रोपाची पानं खुडायची, धुवायची, कापायची आणि प्लेटा आपल्या कपाटात जुन्या मासिकांमागे दडवायची.

काही दिवसांनी पानाच्या कापलेल्या कडेनं हिरवी बुरशी वर आली. ठसा मात्र स्वच्छ. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, हुबेहूब तीच. पोरगी खरं बोलत होती! मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं गुणाचं लेकरू, आणि आपण मेलं त्याला चोरासारखं वागवलं. आत्ताच्या आत्ता सांगू तिला, म्हणून प्लेटा घेऊन ती वळली, तर दारात भाची उभी.

भाचीनं प्लेटांमधली हिरवी बुरशी बघितली. प्लेटांवर मावशीच्या अक्षरात मावशीचंच नाव होतं.

"म्हणजे माझी बुरशी बाहेरची, आणि तुझी आतली होय गं?"

"अगं, जो प्लेट करतो त्याचं नाव घालतात, तुला माहितीये ना! मी नुसतं तपासत होते."

"लपवून?"

"तुझ्या आईची शपथ," मावशी म्हणाली. तिनं स्वतः जन्मात कुणाच्या शपथेवर विश्वास ठेवला नव्हता.

"मारून टाक मग ह्या. माझ्यासमोर."

जंतू मारायचं यंत्र म्हणजे एक मोठा प्रेशर कुकरच. मावशीनं प्लेटा आत ठेवल्या, झाकण आवळलं. वाफ धरून काम होईपर्यंत भाची हाताची घडी घालून तिथंच उभी राहिली.

"सही आजच करते गं," मावशी म्हणाली.

"कर. पण आधी पर्स उघड."

मावशीनं मुकाट्यानं पर्स टेबलावर उपडी केली. भाचीनं आतला रुमालसुद्धा झटकून बघितला.