वाल्व नसलेली टाकी

नव्वद सालानंतर सुरतेच्या लिंबायतहून धुळ्याला माझी बस जायची. आत संडास असलेली बस आमच्या खानदेशी लोकांत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. खाली मैल्याची टाकी, आणि ती धुणं म्हणजे नरक. बांबू घालून ढवळलं की गुटख्याच्या पुड्या, पोरांची लंगोटं, सगळं घाणीत लडबडून बाहेर यायचं.

म्हणून शेजारच्या उधन्याच्या गुजराती मिस्त्रीकडून टाकीच्या आतच भोकं पाडलेली नळी बसवून घेतली. बाहेरून पाण्याचा पाइप जोडला की आत फवारे उडत. हात घालावा लागत नव्हता, हे सुख मोठंच. पण भोकं आठवड्यात बुजायची आणि कोपऱ्यांतला थर तसाच राहायचा. टाकीतलं पाणी उलटं पाइपात येऊ नये म्हणून मिस्त्रीने एक वाल्व सांगितला होता. घासाघीस करताना मी आधी तोच उडवला. डोळ्यांना न दिसणारी वस्तू कुणी माझ्या गळ्यात मारू नये.

मग समाजातलं एक मोठं वऱ्हाड मिळालं. ते नीट पोचलं असतं तर पुढची सगळी वऱ्हाडं माझीच होती. सकाळी मी स्वतः टाकी धुवायला उभा राहिलो. थर भिजावा म्हणून खालचं तोंड बंद करून टाकी भरत ठेवली. तेवढ्यात म्युनिसिपालटीचं पाणी गेलं. थोड्या वेळाने आलं, तेव्हा तोच पाइप काढून मी बसमधल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात सोडला. नळाने मधल्या वेळात टाकीतली घाण पाइपात ओढून घेतली होती, हे मला काय ठाऊक!

बस निघायच्या आत नवरीच्या मामाने पेला भरून नाकाशी नेला.

“भाऊ, हाई पानी शे का गटार?”

“पाइपातली माती आहे, मामा. बाकी काही नाही.”

“मंग तूच पे ना!”

पन्नास माणसं बघत होती. मी घोट घेतला. जिभेवर काहीतरी मऊ, बुळबुळीत आलं आणि मी तिथेच, बसच्या पायरीवर, भडाभडा ओकलो. वऱ्हाड मागच्या दाराने उतरलं.

तसाच मिस्त्रीकडे गेलो आणि त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, “शेठ, वाल्व तो तमे ज कढाव्यो हतो!”

“मी काढ म्हणालो म्हणून तू काढलास? मिस्त्री तू का मी?”

माझं आजही तेच म्हणणं आहे. वाल्व त्याने नंतर बसवला, पण समाजातलं एकही वऱ्हाड पुन्हा माझ्या बसमध्ये चढलं नाही.