डॅशबोर्डवरचा लाल दिवा

गॅरेजमधले किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसलं की ते आपोआप साठतात. घराची किल्ली आईकडे असते आणि आई सहाला सुटते, म्हणून शाळा सुटली की मी पप्पांच्या गॅरेजमध्ये येऊन बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हे लोक विसरतात. नवरात्रातल्या त्या आठवड्यात मात्र सगळं गॅरेज एकाच गोष्टीनं दमलं होतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा!

*

सोमवारी मखमलाबादच्या सुमनमावशी आल्या. त्यांचं झेंडूचं शेत आहे आणि फुलं मार्केटला त्या स्वतः व्हॅन चालवत नेतात.

"भाऊ, गाडी तापली की ह्यो दिवा लागतो. दसऱ्याला पाच दिवस राह्यले. सगळा झेंडू तोडणीला आलाय."

पप्पांनी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल पुरेसं होतं. दिव्याचा स्विच बदलला, तरी दिवा तसाच.

"ऑइलला प्रेशर नाही, ताई. ऑइलचा पंप बिघडला असला तर दोन दिवस. बेअरिंग गेली असली तर इंजिन खोलावं लागेल. मग हा दसरा विसरा."

मावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी सोपा उपाय सांगितला होता. म्हणे, दिव्याची वायर काढून टाक."

"मग?"

"मी म्हटलं, तुमचं बीपी वाढलं की डॉक्टरचं मशीन फोडू का?"

*

खरं प्रेशर मोजायला गेज लागतं. आमचं गेज ओझरच्या एका मेकॅनिकनं नेलं होतं. 'दहा मिनिटांसाठी.' गणपतीच्या आधी!

पप्पांनी मंगळवारी त्याला चार वेळा फोन केला. चारही वेळा तो म्हणाला, "निघालोच."

आमचे सलीमकाका पप्पांच्या बरोबरीनं वीस वर्षं गाड्या खोलतायत. पाना पुसत म्हणाले, "ओरडू नका शेठ. त्याची दहा मिनिटं अजून व्हायचीयेत."

*

गेजची वाट बघत असतानाच गंगापूर रोडवरचे एक रिटायर्ड सर गाडी घेऊन आले. त्यांचाही दिवा लाल.

"कधीपासून लागतोय, सर?"

"काल वणीहून येताना. घाटातच लागला."

"मग गाडी बंद केलीत ना?"

"बंद कशाला? म्हटलं, घरी जाऊन नीट मॅन्युअल वाचू."

पप्पांनी पट्टी काढली. टोकाला जेमतेम ओल होती. पप्पा टायरवर टेकले.

"मग सर, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?"

सर चष्मा पुसायला लागले. "ताबडतोब गाडी थांबवा, असं लिहिलंय."

*

बुधवारी आलेल्या एका काकांच्या गाडीत दिवा दिसतच नव्हता. बरोबर त्याच्यावर देवीचा स्टिकर होता.

"सारखं लाल लाल दिसायचं, मन लागेना," काका म्हणाले. "म्हणून देवीला बसवलं."

"काढू का?" पप्पांनी विचारलं.

"नवरात्र चालू आहे हो!"

त्यांचं ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं. पप्पांनी ऑइल आणि फिल्टर बदलला. पण दिवा विझला की नाही, हे बघायचं कसं? पप्पा वाकून स्टिकरच्या कडेनं आत डोकावत होते, सलीमकाका देवीसमोर मोबाइलचा टॉर्च गोल फिरवत होते आणि काका हात जोडून उभे होते.

तेवढ्यात पंक्चर काढायला आलेला एक माणूस दारातच थांबला, चपला काढल्या, आणि अनवाणी ऑइलमधून चालत आत आला.

*

संध्याकाळी गेज आलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. मावशींची व्हॅन तापवून लावलं. काटा जेमतेम हलला.

त्यावर सगळ्यांनी मतं दिली. चहावाल्यानं इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "बेअरिंगच गेली."

"आधी दूध उतू चाललंय ते ऐक," सलीमकाका म्हणाले.

पण पप्पा हसले नाहीत. मावशींचा त्या दिवसातला तिसरा फोन वाजत होता. "भाऊ, तोडणीला बाया सांगू की नको?" पप्पा म्हणाले, "उद्या सांगतो."

*

गुरुवारी मावशी स्वतःच येऊन माझ्या शेजारी बसल्या. पप्पा व्हॅनखाली झोपून इंजिनाच्या तळाचं चेंबर खोलत होते. एकेक बोल्ट निघाला की मावशी पदराचं टोक आणखी पिळायच्या.

चेंबर निघालं. ऑइल ज्या जाळीतून पंपात खेचलं जातं ती जाळी गच्च बुजली होती. पप्पांनी चिमट्यानं त्यातून रबरासारखे करडे तुकडे ओढून काढले.

"पंप ठीक! बेअरिंग ठीक!" पप्पा खालूनच ओरडले. "ताई, बाया सांगा!"

मावशींनी तिथूनच फोन लावला.

पप्पा बाहेर आले आणि चार दिवसांचा शीण एकदम बाहेर पडला. "हे बघा! चेंबर बसवताना कडेला सिलिकॉनची पेस्ट लावतात. बोटभर पुरते. ह्यानं अख्खी ट्यूब पिळलीय! जास्तीची आत गेली, तुटली आणि जाळीत बसली. असल्या गाढवाच्या हातात पाना देऊ नये!"

सलीमकाका अचानक फडकं शोधायला मागच्या बाजूला गेले.

"संध्याकाळपर्यंत हुईल ना, भाऊ?" मावशींनी विचारलं.

"होईल. पण मला त्याचं नाव सांगा."

"जाऊ द्या की."

"जाऊ द्या काय? चार दिवस तुमच्या जिवाला घोर लावला त्यानं! कुणाकडे नेली होती गाडी?"

मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, घेतल्यापासनं तुमच्याबिगर कुणाचा हात लागला नाय गाडीला."

पप्पांनी हातातला करडा तुकडा हळूच खिशात टाकला. मग माझ्याकडे वळले.

"तुझा अभ्यास झाला का?"