उजवीकडचं स्टिअरिंग

दोह्यात अबू हमूरच्या आमच्या घरात हल्ली टीव्हीवर बातम्या लागत नाहीत, व्याह्यांनी काढलेले फोटो लागतात. सिंह, जिराफ, मग पक्षी, मग पुन्हा पक्षी. नामिबियाहून आल्यापासून जेवण झालं की हाच कार्यक्रम, आणि पाहुणे आले तर पहिल्यापासून. सगळे म्हणतात, काय नजर आहे हो तुमची! व्याही मान खाली घालून हसतात, म्हणजे आणखी म्हणा. त्या पक्ष्यांपर्यंत गाडी कुणी नेली, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही.

मी चौथी शिकलो. रत्नागिरीकडून इथे आलो आणि ड्रायव्हर झालो. टँकर चालवला, शाळेची बस चालवली, अरबाच्या घरची गाडी चालवली. दोह्यातले अर्धे रस्ते माझ्या डोळ्यांदेखत झाले. मुलगा इंजिनियर झाला तो माझ्या स्टिअरिंगवर. त्यामुळे सून म्हणाली की नामिबियात गाडी भाड्याने घेऊन आपली आपणच चालवायची असते, तेव्हा मी ताट सोडून उठलो. "मग मी आहे ना!" नातीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी विमानात बसेपर्यंत ऐकत होतो.

व्याही म्हणजे सुनेचे वडील, पुण्याचे, कारखान्यातल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. नात त्यांना नाना म्हणते. ते हातभर लांब लेन्स घेऊन दोह्याला आले आणि येताना नातीला दुर्बीण आणली. मी काही आणलं नव्हतं. मी गाडी चालवणार होतो, आणखी काय आणायचं?

तिथे पाहतो तर स्टिअरिंग उजवीकडे. मी गाडी शिकलो ती इथे, जन्मभर डावीकडे बसलो. गावी फक्त सायकल. पण सांगतो कोण? चढलो. रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचं हे डोळ्यांना पटलं, हात मात्र ऐकेनात. इथे इंडिकेटर डाव्या हाताला, तिथे उजव्या. वळायला गेलो की वायपर चालू. मागून व्याही म्हणाले, "व्याहीबुवा, पाऊस नाही हो!" नात खो खो हसली. मी पुढे बघत राहिलो.

मग तो पक्षी. व्याह्यांनी उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून ती उशी खिडकीत ठेवलेली असायची, लेन्स हलू नये म्हणून. "हळू... थांबा, थांबा," ते कुजबुजले. काटेरी झाडाच्या शेंड्यावर बसला होता, छाती जांभळी. आपल्याकडच्या नीलपंखाचा हा आफ्रिकेतला भाऊ, म्हणाले. नातीने दुर्बीण डोळ्याला लावली आणि श्वास रोखला. तेवढ्यात आरशात मागची गाडी दिसली. बाजूला घेतो असं त्या गाडीला सांगायला हवं, म्हणून मी इंडिकेटर द्यायला गेलो. धुळीच्या कोरड्या काचेवर वायपर खर्रर्र करून फिरले. पक्षी उडाला. उडताना पंखांत काय निळा होता! पण तो फोटो कुणाकडेच नाही.

"आजोबा, यू स्केअर्ड इट!"

"मागे गाडी होती. इंडिकेटर द्यायला नको?"

"द्या ना," व्याही म्हणाले, "पण इंडिकेटरच द्या."

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्यापासून नानांना चालवू द्या. तुम्ही दमलात." मी दमलो नव्हतो. पण दुसऱ्या दिवसापासून गाडीही त्यांची, कॅमेराही त्यांचा आणि शेजारी नातही त्यांची. मी मागे, तांदळाच्या उशीजवळ.

दोह्याला उतरलो तेव्हा मला बरं वाटलं. इथे माझी बाजू, माझे रस्ते. शुक्रवारी सुट्टीला समुद्रकाठच्या अल रुवैसकडे रोहित पक्षी बघायला जायचं ठरलं. सकाळी मी गाडी धुतली, हवा तपासली, किल्ली घेऊन उभा राहिलो.

"बाबा, आज नाना चालवतील," मुलगा म्हणाला. "त्यांना इथे एकदा चालवायची हौस आहे. पाहुणे आहेत ते."

"चालवू देत की. इथे रस्त्यावरचे स्पीडचे कॅमेरे यांच्यापेक्षा चांगले फोटो काढतात."

कुणी हसलं नाही. मी किल्ली दिली. खलास.

पहिल्याच राउंडअबाउटला व्याही वळले आणि कोरड्या काचेवर वायपर खर्रर्र करत फिरले. मला आतून इतकं गोड वाटलं की काय सांगू. आफ्रिकेपासून जपून ठेवलेलं वाक्य मी सावकाश काढलं. "व्याहीबुवा, पाऊस नाही हो!"

ते वायपरकडे बघत राहिले आणि गडगडून हसले. "अहो, हात ऐकतच नाहीत! तुम्ही तिथे कसं निभावलंत?" नात तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "नाना, यू आर सो फनी!" पुढच्या राउंडअबाउटला तीच ओरडली, "पाऊस!" आणि त्यांनी मुद्दाम वायपर लावले. रुवैस येईपर्यंत त्या दोघांचा तो खेळ होऊन बसला. चूक माझी, वाक्य मी परत केलेलं, आणि नात त्यांच्याकडे बघून हसतेय.

उथळ पाण्यात रोहित उभे होते, लांबवर, गुलाबी. व्याह्यांनी पोटभर फोटो काढले. मग परतताना किल्ली माझ्या हातात ठेवली. "यल्ला, चला व्याही, आता तुम्हीच चालवा. माझ्याने काही हे होत नाही." सगळ्यांसमोर, हसत हसत. असं मला एकदाही म्हणता आलं नव्हतं.

नात पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. राउंडअबाउट आलं तशी ती सरसावली, माझ्या तोंडाकडे बघत.

"आजोबा, पाऊस?"

माझा उजवा हात वायपरच्या दांडीपर्यंत गेला. दांडी बोटांना लागली. मग तो परत स्टिअरिंगवर आला आणि डाव्या हाताने मी इंडिकेटर दिला. जसा द्यायचा असतो, तसा.

नातीने दुर्बीण उचलली आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर नुसती वाळू होती.