येलदरीचे निरोप

आधीच कबूल करतो — आमच्या लेकीच्या, मीनाच्या कपड्यांची पिशवी मी एसटीतच विसरलो. एका हातात मीना, दुसऱ्या हातात आंब्यांची करंडी... आंबे मात्र आठवणीने उतरवले! बायको हा किस्सा अजूनही पाहुण्यांसमोर सांगते.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. परभणीच्या एका कचेरीतला मी कारकून. सही-शिक्का दिसल्याशिवाय काहीच खरं धरत नाही. तरी हे लिहितोय.

एक्याऐंशीचा उन्हाळा. येलदरीला माझी थोरली बहीण, आक्का, आणि दाजी राहायचे. त्यांची एकुलती एक लेक कुसुम तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या, जिंतूरचा दवाखाना गाठायला घरची बैलगाडीच. दाजी म्हणाले, "बैल लंगडायलाय, सकाळी बघू." ती सकाळ कुसुमला दिसली नाही.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नाही, आदळआपट नाही. आक्का चुलीकडे तोंड करून म्हणायची, "वाढलंय म्हणावं." दाजी खांबाला सांगायचे, "भूक न्हाई म्हणावं." त्यांनी अंथरूण गोठ्यात हलवलं होतं. आक्का तर वाळत चालली होती. शेवटी माझी बायको म्हणाली, "सुट्टीत मीनाला ठेवा तिथं. घरात आवाज तरी होईल." मीना तेव्हा सहा वर्षांची; दाजींना ती मामा म्हणायची.

पिशवी गेल्यामुळे आक्काला कुसुमची ट्रंक उघडावी लागली. फ्रॉक काढता काढता ती म्हणाली, "मुद्दाम विसरलास का रे?"

"आक्का, तेवढी अक्कल असती तर आज साहेब नसतो झालो?"

ती हसली... किंचित. पण डोळे भरलेले होते.

निरोप पोचवायचं काम मीनाकडे आपोआप आलं. खांब सुटला बिचारा!

महिन्याने न्यायला गेलो, तर अंगणातच ऐकू आलं —

"मीठ टाकलंस का न्हाई यात?"

"तुमच्या जिभेलाच चव न्हाई, त्याला मी काय करू!"

मी चप्पल काढायची विसरून उभा राहिलो. एकमेकांशी बोलत होते... सरळ!

जेवण झाल्यावर दाजींनी मला गोठ्यात नेलं. "खरं सांग, बैलाचं तू बोललास का पोरीपाशी?"

"कोणत्या बैलाचं?"

मग त्यांनी सांगितलं. एका दुपारी मीना त्यांच्याजवळ खेळत होती. मधेच उठली, आक्काकडे गेली आणि म्हणाली, "आत्या, मामांनी सांगितलंय — बैल लंगडत नव्हता. रस्त्यावर गडबड होती म्हणून मीच भ्यालो."

दाजींनी तोंडातून शब्द काढला नव्हता. तीन वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

पुढचं आक्काने सांगितलं. तिचा हात तव्यावरच थांबला, भाकरी जळाली. मीना तशीच गोठ्याकडे पळाली. "मामा, आत्या म्हणते, मला तवाच माहीत होतं. मी बी भ्याले होते, म्हणून गप बसले."

"मी तोंड उघडलं न्हाई रे, कुसुमची शपथ," आक्का म्हणाली. त्या दुपारी मीनाच्या मागोमाग तीही गोठ्यात गेली होती. तिथं दोघं काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दाजींचं अंथरूण घरात आलं होतं, एवढं मी पाहिलं.

परतताना एसटीत मीनाला विचारलं, "तुला हे निरोप दिले कुणी?"

"त्यांनीच. मी काय खोटं सांगते का?" आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपलीसुद्धा.

दाजी झोपेत बरळले असतील म्हणावं, तर मीना आक्काच्या कुशीत झोपायची. बरं, आक्काचं मन तिला कुणी सांगितलं?

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने अंगणात खेळणाऱ्या मीनाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "अहो, मग आपल्या घरात तिला काय काय ऐकू येत असेल?"